पंचमाची हिरवी टिकली

वन्सं, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी तुमच्याशी भांडायला बसलेय. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सोफ्यावर टेकतं, पाण्याचा पेला हातात धरतं आणि म्हणतं, "फार सोसलं हो त्यांनी. हातांचे किती हाल झाले." मी मान हलवते, चहा टाकायला आत जाते. पण खरं सांगू? दर वेळी ओरडून सांगावंसं वाटतं, की अहो, सोसलं कसलं, वाजवलं! शेवटच्या आठवड्यापर्यंत माझी नणंद गिटार वाजवत होती आणि मी चुकले की मला फाडून खात होती. तुम्हाला कुणी 'बिचारी' म्हणू नये म्हणून तुम्ही काय काय उद्योग केलेत, ते एकट्या मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहितेय.

मी लग्न होऊन जेल रोडच्या घरात आले तेव्हा कपाटावर एक लांबुडकी काळी पेटी होती. मला वाटलं, शिवणाच्या मशीनचं काहीतरी असेल. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आलात, साडी बदललीत, चहा घेतलात आणि ती पेटी उघडलीत. आतून गिटार निघाली! मी गिटार पाहिली होती ती सिनेमात, हिरोच्या गळ्यात. तुम्ही मात्र खाली सतरंजीवर पाय पसरून बसलात आणि बाळाला तेल लावायला पायांवर आडवं घेतात तशी ती आडवी घेतलीत. डाव्या हातात चकचकीत लोखंडी बार, उजव्या अंगठ्यात नखी. बार तारांवरून सरकवायचा आणि नखीनं तार छेडायची. मी दारात पिठाचे हात घेऊन उभी. तुम्ही वर न बघता म्हणालात, "ही हवाईयन गिटार. अशीच वाजवतात. पोळी करपतेय."

करपलीच होती. तेव्हापासून रोज साडेसहा ते साडेसात घरात तुमची गिटार. दिवसभर सरकारी कचेरीत टाइपरायटर बडवायचा आणि घरी येऊन त्याच बोटांनी गिटार. हे, म्हणजे तुमचे बंधुराज, तुमचा बाळ्या, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली शिफ्ट करून यायचे, तिथल्या यंत्रांच्या घरघरीनं कान आधीच बधिर झालेले. "ताई, मस्तच," म्हणायचे आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे. तुमच्या गुरुजींनी बसवलेली ती पहाडी धून आली की मी मात्र गॅस बारीक करायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चढून बसला असतात.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुमचा डावा अंगठा दुखायला लागला. आधी तुम्ही थंडीवर ढकललंत, मग टायपिंगवर, मग माझ्या हातच्या चिंचेच्या आमटीवर. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, लायटर दाबता येईना, तरी तुमचं आपलं "काही नाही, जरा आखडलंय." डॉक्टरांनी संधिवात सांगितला तेव्हा बोटं वाकडी व्हायला लागलीही होती. गरम मेणात हात बुडवून झाला, गोळ्या झाल्या, क्रेप बँडेजनं बार हाताला बांधून झाला. बांधलेल्या बारचा तारांवर असा खर्र आवाज यायचा की हे झोपेतून उठून बसायचे. आणि एका संध्याकाळी धुनेच्या मध्यात तो बार तुमच्या हातून निसटून फरशीवर पडला, गडगडत कॉटखाली गेला. तुम्ही रडला नाहीत. मऊ फडक्यानं गिटार पुसलीत, पेटीत ठेवलीत आणि म्हणालात, "बाळ्याला सांग वर ठेवायला. झालं वाजवून."

त्यानंतरचे आठ महिने माझ्या संसारातले सगळ्यात वाईट. का, तर तुम्ही माझ्याशी गोड वागायला लागलात! भाजीत मीठ कमी असलं तरी "छान झालीय गं." मी दूध उतू घालवलं तर "असू दे, होतं." वीस वर्षं जिनं माझी एक चूक सोडली नाही, ती बाई मला "असू दे" म्हणते? मी यांना म्हटलं, "अहो, वन्सं बऱ्या नाहीत." हे म्हणाले, "उलट शांत झालीय की ताई." पुरुषांना काय कळतं, कप्पाळ!

एका रविवारी मीच स्टुलावर चढले, पेटी खाली काढली आणि तुमच्यासमोर ठेवली. "मला शिकवा."

"वय काय तुझं?"

"त्रेचाळीस."

"कान आहेत?"

"दोन आहेत."

तुम्ही कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे रागानं बघितलंत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शिकवणी अशी झाली, की माझा डावा हात सरकला की उजवा थांबायचा आणि उजवा चालला की डावा झोपायचा. चार दिवस तुम्ही दम धरलात. पाचव्या दिवशी तुमचा संयम संपला. तुम्ही माझ्या हातातली नखी ओढून घेतलीत, आपल्या अंगठ्यात चढवलीत आणि ओरडलात, "तू नुसता बार सरकव! छेडायचं मी बघते!" आणि चिडून तार छेडलीत. मी घाबरून बार सरकवला. गिटार बोलली, वन्सं. खर्र नाही, खुर्र नाही, चांगला गोल, लांब स्वर निघाला. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तुमचा उजवा हात तसा ठीक होता, नडत होता तो डावा. आणि डावा हात म्हणून त्या घरात मी होतेच की.

मग आपली बैठक ठरली. दिवाणावर शेजारी शेजारी, तुमच्या डावीकडे मी. गिटारीचा दांडा माझ्या मांडीवर, तिचं पोट तुमच्या मांडीवर. तुमचा डावा हात शालीखाली, गरम पाण्याच्या पिशवीवर. ताल तुम्ही पायाच्या अंगठ्यानं धरायचात. दुखायचं तेव्हा "आई गं" म्हणायचात, तेही समेवर. एकदा मी म्हटलं, "दुखतंय तर थांबू या का?" तुम्ही म्हणालात, "थांबले तरी दुखतंच. मग वाजवून दुखू दे की."

पण मला स्वर सापडायचे नाहीत. दांड्यावरच्या पट्ट्या सगळ्या सारख्या, मूळचे पांढरे ठिपके केव्हाच गळून गेलेले. मग मी माझ्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दांड्याच्या कडेला सात टिकल्या चिकटवल्या. षड्जाला लाल, बाराव्या पट्टीवर पंचमाला हिरवी, बाकीच्या निळ्या, जांभळ्या, मरून, ज्या होत्या त्या. तुम्ही कपाळाला हात लावलात. "गिटारीचं हळदीकुंकू करतेस का?" पण महिन्याभरात पहाडी धून उभी राहिली. मी टिकलीवरून टिकलीवर जायची, तुम्ही छेडायचात. बरोबर आलं की तुम्ही म्हणायचात, "हं." बस्स. वाहवा नाही, शाब्बास नाही, नुसतं "हं." त्या एका "हं"साठी मी दुपारची झोप सोडली.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. मधल्या ओळीत गंधारावरून पंचमावर जाताना घसरत जायचं होतं. तुटक नाही, मींड घेत, सावकाश. मी टिकली ते टिकली उडी मारायची. "तू काय शहर बस आहेस? दर थांब्यावर थांबतेस! अगं, मधला रस्ताही सुरेल असतो." मी म्हणायची, "दोन टिकल्यांच्या मधे काहीच खूण नाहीये, मला कसं कळणार?" तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर म्हणते, टिकल्या काढ. कानानं जा." मी काढल्या नाहीत. तुम्ही रोज म्हणायचं, मी रोज नाही म्हणायचं.

तुम्ही निवृत्त झालात त्यानंतरच्या वर्षी कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या स्नेहसंमेलनात आपल्याला वाजवायला बोलावलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत धड. भीती वाजवायची नव्हती. तुम्हाला भीती होती लोकांच्या तोंडची. "एकानं जरी बिचारी म्हटलं ना सुमन, तर मी स्टेजवरून उठून घरी जाईन आणि परत गिटारीला हात लावणार नाही. सांगून ठेवते." मला माहीत होतं, तुम्ही ते करून दाखवाल. गिटार परत कपाटावर जाईल आणि तुम्ही परत माझ्याशी गोड वागायला लागाल. निवेदन करणाऱ्या काकांना मी आधीच जाऊन बजावून आले, आजारपणाचा एक शब्द काढायचा नाही.

त्याच दिवशी सकाळी घोटीहून तुमच्या मामी आल्या, नव्या तांदळाची गोणी घेऊन. "पोरगी वाजविती आन् मी नाय यायचं?" पोरगी म्हणजे तुम्ही, साठीच्या. जेवणं झाली, आपण सगळ्या तयार व्हायला लागलो. गिटार दिवाणावर उघडीच होती. चार वाजता आपण समाजमंदिरात. हॉल भरलेला, पंखे करकरतायत, हे पहिल्या रांगेत मामींच्या शेजारी टॉवेल घेऊन घाम पुसतायत. आपण बसलो, गिटार मांडीवर घेतली, मी दांड्याकडे बघितलं. हिरवी टिकली नव्हती.

मी खाली बघितलं, सतरंजीवर बघितलं, पदरावर बघितलं. मग समोर बघितलं. मामींनी हिरवं लुगडं नेसलं होतं. आणि कपाळावर, अगदी मधोमध, लुगड्याला जुळणारी, आपली टिकली! वर मामी मला हात करतायत, हसून!

"वन्सं," मी कुजबुजले, "पंचम नाहीये."

"म्हणजे?"

"मामींच्या कपाळावर आहे."

तुम्ही चष्म्यावरून खाली बघितलंत. मग तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताय. तुम्ही हसत होतात, ओठ घट्ट मिटून, गिटारीसकट गदगदत. आठ-दहा वर्षांत मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"उठू या का?" मी म्हटलं.

"उठायचं कशाला? वाजव."

"कुठे थांबू ते कळणार नाही."

"मी हं म्हणेन. तिथे थांब."

शेजारच्या टिकलीवरून पट्ट्या मोजून अंदाज बांधता आला असता, हे मला आता कळतं. तेव्हा माझं डोकं चाललं तर ना! पहिली ओळ झाली. मधली ओळ आली. गंधारापर्यंत आले, तुम्ही तार छेडलीत आणि पंचमाच्या जागी नुसता काळा दांडा. थांबायला जागा नाही. मी डोळे मिटले आणि बार सरकवत निघाले, हळू, चाचपडत, आत्ता येईल, आत्ता येईल करत. तार आपली गात होती, वर वर चढत होती. आणि माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू जाईल असं, तुम्ही म्हणालात, "हं."

मी थांबले. हॉलमधून "वा!" आला. कुणीतरी मागून परत "वा!" म्हटलं. वन्सं, ती मींड होती. सहा वर्षं तुम्ही जी मागत होतात ती. मला ती घेता येत नव्हती, मी ती भीतीपोटी घेतली. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा मी मिटलेले डोळे उघडलेच नाहीत आणि तुम्हीही "हं" म्हटलं नाहीत. तरी पंचम आला. शेवटपर्यंत धून वाजली. टाळ्या पडल्या आणि तुमच्या उजव्या हातानं माझा डावा हात एकदा दाबला. तो हात दाबतानाही तुम्हाला दुखलं असणार.

खाली उतरल्यावर 'बिचारी' कुणी म्हटलं नाही. एका आजोबांनी मात्र फार गंभीरपणे विचारलं, "तुमच्यापैकी वाजवतं नेमकं कोण?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, मी तुमच्याकडे. तेही भांडण अजून तसंच आहे. मामींना घरी येऊन हे सगळं सांगितलं तर त्यांना काही पटेना. "मला काय ठावं ती टिकली सुराची हाय? दिसली, लावली. आरशावरची नाय का लावत?" मग कपाळावरून काढून माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "घे बाई तुझा पंचम. लय छान वाजवलंत पर." तुम्ही परत हसायला लागलात ते ठसका लागेपर्यंत.

त्याच संध्याकाळी मी हिरवी टिकली परत जागेवर चिकटवली. तुम्ही बघितलंत. "आज तुला टिकलीशिवाय आलं होतं."

"ती चूक होती."

"मग रोज चूक कर. काढ त्या टिकल्या."

नाही काढल्या. पावसाळ्यात डिंक सुटायचा, मी नवं पाकीट आणायची. तुम्ही तोंड वाकडं करायचात. पुढे तुम्हाला साखर निघाली, मोतीबिंदू झाला, जिना चढताना धाप लागायला लागली. मग उजवा अंगठाही कुरकुरायला लागला. नखी बसेना, तेव्हा ती चिकटपट्टीनं गुंडाळून बसवायचो. वेगाचं काही वाजेना, म्हणून तुम्ही धून संथ केलीत आणि वर मला सांगितलंत, "अशीच हवी होती ती. गुरुजींना घाई होती." दुपारच्या लोडशेडिंगमध्ये टीव्ही बंद पडले की शेजारच्या बायका भाजी निवडत आपल्या दारात येऊन बसायच्या. घामाच्या धारा लागलेल्या, आणि तुम्ही त्यांच्याकडून फर्माईश घेताय! एवढी मिजास मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची चालवून घेतली नसती.

शेवटच्या रविवारी सकाळी आपण धून निम्मी वाजवली. तुम्ही दमलात, उशीला टेकलात आणि म्हणालात, "सुमन, टिकल्या काढ आता." दटावून नव्हतात म्हणत, साधंच म्हणालात. मी म्हटलं, "दिवाळी होऊ दे, मग बघू." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "हट्टी." गुरुवारी दुपारी, चहाच्या आधी, तुम्ही गेलात.

वन्सं, टिकल्या का काढत नव्हते ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मला येत होतं. संमेलनानंतर सहा महिन्यांतच माझा हात त्या टिकल्यांकडे न बघता जायला लागला होता. पण टिकल्या काढल्या असत्या तर मी शिकले असं झालं असतं. आणि मी शिकले असते तर तुमचं काम संपलं असतं. तुमचं काम संपू नये म्हणून मी इतकी वर्षं शहर बस राहिले. तुम्ही रागावलेल्या असलात की मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय. हे तुम्हाला कळलं होतं का? कळलंच असेल. तुम्ही मला "हट्टी" म्हणालात, "अडाणी" नाही म्हणालात.

आज सकाळी पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी पेटी उघडली. दिवाणावर तुमची जागा सोडून डावीकडे बसले आणि नखानं एकेक टिकली काढली. लाल, निळी, जांभळी. हिरवी सगळ्यात शेवटी. ती आरशावर लावून ठेवलीय. मग दांडा मांडीवर घेतला आणि बार उचलला, पण गिटारीचं पोट अधांतरी. तेवढ्यात हे आले, तुमच्या जागेवर बसले आणि म्हणाले, "नखी दे."

"तुम्हाला येतं?"

"इतकी वर्षं ऐकतोय."

"घोरत होतात!"

"घोरताना ऐकू येत नाही असं कुणी सांगितलं?"

कसं वाजवलं ते विचारू नका. ताल म्हणाल तर गावभर. मी दोनदा ओरडले, "अहो, रिक्षा हाकताय का!" आणि दुसऱ्या वेळी ओरडल्यावर आम्ही दोघंही थांबलो, कारण तो आवाज हुबेहूब तुमचा होता. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हं, घे पुढची ओळ."

गंधारापर्यंत आलो. ह्यांनी तार छेडली. मी डोळे मिटले आणि निघाले, घाई न करता, मधल्या रस्त्यानं, एकही थांबा न घेता. आणि मला वाटलं तिथे थांबले.

"बरोबर होता का गं?" ह्यांनी विचारलं.

बरोबर होता, वन्सं. पण सांगायला तुम्ही नव्हतात. म्हणून मीच म्हटलं, "हं."